'हेलियम एस्केप व्हॉल्व्ह'ला मराठी शब्द हवा

शब्दखूळ
समुद्रात बुडी मारून काम करणाऱ्या व्यावसायिकांसाठी बनलेल्या आणि आता संग्राहक शोधत फिरतात अशा घड्याळांवरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. मूळ वाक्य रोलेक्सच्या १९६७ च्या सी-ड्वेलरबद्दल आहे. माझा मसुदा: "या जलरोधक पाणबुडी घड्याळाला रेडियमचे काटे असून डाव्या कडेला हेलियम सुरक्षा झडप आहे. खोल पाण्यात ती हेलियम बाहेर सोडते व पाणी आत शिरू देत नाही." बेझलसाठी, म्हणजे काचेभोवतीच्या फिरणाऱ्या भागासाठी, तूर्त 'चकती' लिहिलंय. सुचवा.

दर्यावर्दी
आधी 'पाणबुडी' काढा. पाणबुडी म्हणजे सबमरीन (आणि तळ्यातली टिबुकली). बुडी मारणारा माणूस तो पाणबुड्या. म्हणून 'पाणबुड्याचं घड्याळ'. 'गोताखोर' हिंदीतून आलाय, त्याची गरज नाही.

याच घराण्यातलं एक नाव मात्र मराठीत फार सहज उतरतं. ब्लाँपँ या स्विस कंपनीनं १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ काढलं, फ्रेंच नौदलाच्या रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांच्या मागणीवरून. फॅदम म्हणजे आपला वाव: दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर. कोकणात मच्छीमार पाण्याची खोली अजूनही वावांतच सांगतात. इंग्रजी फॅदम १.८२८८ मीटरचा, म्हणजे पन्नास वाव ९१ मीटरच्या थोडं वर. नाव तसंच ठेवून पुढे एकदा 'पन्नास वाव' लिहिलंत तरी वाचकाला खोली हाताने मोजल्यासारखी कळेल.

घड्याळजी
झडप हा शब्द चोख आहे. 'सुरक्षा' नको, आणि पुढचं वाक्य तर पूर्ण उलटं झालंय. ती झडप पाणी अडवण्यासाठी नाही आणि तिचं खरं काम पाण्यात होतच नाही.

काय घडतं ते बघा. समुद्रतळाशी कित्येक दिवस काम करायचं तर पाणबुडे रोज वर येत नाहीत. जहाजावरच्या किंवा तळावरच्या बंद कोठीत, काम जितक्या खोलवर, तिथल्याइतक्याच दाबाखाली राहतात. श्वासाला हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण असतं. कोठी कोरडी असते, पण हेलियमचा अणू इतका लहान की पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांमधूनही तो हळूहळू पार होतो. काही दिवसांत घड्याळाच्या आतला दाब कोठीइतका होतो. तोवर काहीच बिघडत नाही. काम संपल्यावर कोठीचा दाब उतरवू लागले की बाहेरचा दाब घटतो आणि आतला हेलियम त्या वेगानं निघू शकत नाही. मग काच पटकन उडते. अमेरिकन नौदलाच्या, समुद्रतळाशी राहून पाहण्याच्या सीलॅब प्रयोगांत, १९६० च्या दशकात, हे प्रत्यक्ष दिसलं.

झडपेत एक स्प्रिंग आणि एक रबरी कडी. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ठरावीक फरकानं वाढला की स्प्रिंग दबते, वायू निघतो, झडप पुन्हा बसते. रोलेक्सनं पेटंटसाठी अर्ज केला ६ नोव्हेंबर १९६७ ला. दुकानात ग्राहकाला मिळालेलं पहिलं झडपेचं घड्याळ म्हणून सहसा डॉक्साच्या ३००टी कॉन्क्विस्टाडोरचं नाव घेतात, ते १९६९ चं. ओमेगाच्या १९९३ च्या सीमास्टरवर दहाच्या अंकापाशी जी झडप आहे ती हातानं आटे फिरवून उघडायची. सी-ड्वेलरची नऊपाशी असते आणि आपोआप चालते. म्हणून 'हेलियम-निकास झडप' लिहा.

शब्दखूळ
म्हणजे झडप आहे म्हणून घड्याळ जास्त खोल जातं, असं नाही?

घड्याळजी
नाही. उलट पाण्याच्या दृष्टीनं ते आणखी एक भोक आहे, आणि तिथली कडीही वेळोवेळी बदलावी लागते. ओमेगाचं १९७० च्या सुमाराचं प्लोप्रॉफ झडपेशिवायच ६०० मीटरचं होतं. त्यांनी एकसंध धातूची पेटी केली, पाठीमागून उघडणारं झाकणच ठेवलं नाही; हेलियमला आतच येऊ द्यायचं नाही हा विचार. सेइकोनंही १९७५ च्या ६०० मीटरच्या टायटॅनियम घड्याळात इंग्रजी एल आकाराची रबरी कडी वापरून तोच मार्ग धरला.

तिसरा काटा
'प्लोप्रॉफ' हे 'प्लाँझर प्रोफेसिओनेल', म्हणजे व्यावसायिक पाणबुड्या, या फ्रेंच शब्दांचं आखूड रूप. सेइकोच्या त्या घड्याळाला संग्राहक 'ट्यूना' म्हणतात, बाहेरचं गोल कवच ट्यूनाच्या डब्यासारखं दिसतं म्हणून. त्याला 'कुपा' (ट्यूनाचं मराठी नाव) म्हणायचा मोह होतो, पण आवरा.

घड्याळजींनी वर्णन केलेल्या बुडीला अनुवादात 'संतृप्त' लिहू नका, 'संपृक्त बुडी' लिहा. मीठ आणखी विरघळेना की आपण द्रावण संपृक्त झालं म्हणतो. इथे शरीराच्या ऊतींत वायू तसाच भरतो. त्यानंतर मुक्काम दोन दिवसांचा असो की वीस, दाब उतरवायला लागणारा वेळ तेवढाच. मुंबई हायवरचं पाण्याखालचं काम याच पद्धतीनं होतं, तेव्हा हा शब्द मराठीत लागणारच आहे.

दर्यावर्दी
बेझलला 'चकती' नको. चकती भरीव असते. हे काचेभोवतीचं 'फिरतं कडं'. एकाच दिशेनं फिरणाऱ्यासाठी 'अपसव्य कडं' शास्त्रशुद्ध होईल, पण अपसव्य म्हटलं की श्राद्धाचं जानवं आठवतं. 'उलट फिरणारं कडं' पुरे.

उलटच का, तेही एका वाक्यात द्या. बुडी मारताना कड्यावरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर धक्क्यानं कडं सरकलंच तर खूण मागे जाते, गेलेला वेळ जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. सुलट सरकलं असतं तर हवा संपेपर्यंत कळलं नसतं. रोलेक्सच्या पहिल्या 'सबमरिनर' घड्याळांची कडी दोन्हीकडे फिरायची. ब्लाँपँचं कडं दाबल्याशिवाय हलत नसे.

घड्याळजी
'जलरोधक' राहू द्या, पण आकड्याशिवाय नको. रोधक म्हणजे रोखणारा, अभेद्य नव्हे. इंग्रजीतही 'वॉटरप्रूफ' सोडून 'रेझिस्टंट'वर येण्याचं कारण हेच. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ पावसापुरतं. पाणबुड्याच्या घड्याळाचं मानक आयएसओ ६४२५: किमान १०० मीटर, आणि लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली प्रत्येक नगाची चाचणी. २०० मीटर म्हणजे सुमारे २० बार दाब, म्हणून त्या घड्याळाला २५ बार.

जुन्या नगाला तो जुना आकडा लागू धरू नका. कड्या कडक होतात, चावीचे आटे झिजतात. आधी हवेच्या दाबाची कोरडी चाचणी, मगच पाणी. पाणी गेलंय का हे बघायला घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे.

तिसरा काटा
सगळ्यात मोठी चूक कुणाच्याच नजरेला आली नाही: 'रेडियमचे काटे'. मराठीत अंधारात चमकणारं सगळंच रेडियम, अगदी गाडीवरची चिकटपट्टीसुद्धा. बोलायला ठीक आहे. पण १९६७ च्या सी-ड्वेलरवर ट्रिटियम हा दुसराच किरणोत्सारी पदार्थ आहे, आणि संग्राहकाच्या दृष्टीनं हा फरक पैशांचा आहे. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, म्हणजे त्या काळचा लेप आज जवळपास विझलेला असायला हवा. असा नग रात्रभर लख्ख चमकत असेल तर काटे किंवा तबकडी नंतर बदललेली आहे, नाहीतर लेप नव्यानं भरलाय. रेडियमचं वेगळंच. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं. चमक जाते ती सोबतचं झिंक सल्फाइड खराब होतं म्हणून, किरणोत्सार तसाच राहतो. तो लेप घरी खरवडू नये.

शब्दखूळ
सुधारलेलं: "पाणबुड्यासाठीच्या या घड्याळाला (जलरोधक, ६१० मीटर) ट्रिटियमचा लेप दिलेले काटे, फिरतं कडं आणि नऊपाशी हेलियम-निकास झडप आहे. संपृक्त बुडीनंतर कोठीचा दाब उतरताना ती आपोआप उघडते."

घड्याळजी
चालेल. फक्त '६१० मीटर'आधी '२००० फूट' टाका. तबकडीवर लाल अक्षरांत 'सबमरिनर २०००' आहे, आणि वाचक ते दोन हजार मीटर समजेल.