चर्चा : वारसनोंदीसोबतच बहिणींचे आणि आईचे हक्कसोडपत्र उरकून घ्यावे का?

उंबरठा

शेतजमिनीचा खातेदार मृत्युपत्र न करता वारला की अनेक घरांत एकच क्रम दिसतो. तेराव्यानंतर मृत्यूचा दाखला हाती येतो, तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज जातो आणि त्याच सुमारास दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला हिस्सा इतर वारसांसाठी सोडल्याच्या दस्ताचा, दिवसही ठरलेला असतो. लेकी माहेरी आलेल्याच असतात. ‘परत परत यायला नको, आत्ताच उरकून टाकू’ एवढ्या एका वाक्यावर आयुष्यभराचा हिस्सा सुटतो.

माझे मत असे की ही दोन कामे एकमेकांपासून तोडली पाहिजेत. वारसनोंद लगेच व्हावी, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. हक्कसोडपत्राला मात्र कोणत्याही कायद्याने मुदत घातलेली नाही. घाई आपण घातलेली आहे. म्हणून मृत्यूनंतर किमान एक वर्ष वारसांमधले हक्कसोडपत्र नोंदवूच नये, असा नियम व्हावा.

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्मतःच हिस्सेदार, झाली आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. एवढा प्रवास करून आलेला हक्क, दुःखाने मन सुन्न असताना, शेवटच्या पानावर अंगठा उमटवून संपावा हे मला मान्य नाही.

तो दस्त एकदा शांतपणे वाचून पाहा. ‘कोणत्याही दडपणाशिवाय, भावावरील प्रेमापोटी, स्वखुशीने’ हे शब्द मजकुरात आधीच छापलेले असतात. खाली मिळकतीच्या वर्णनात गट क्रमांकांच्या ओळीत गावठाणातले राहते घरही येते, आणि कधी कधी ‘तसेच इतर सर्व स्थावर मिळकत’ अशी एक ओळ असते, जिच्यात नेमके काय काय बसते हे सही करणाऱ्या बहिणीला कोणी सांगितलेले नसते.

कोरडवाहू

ताई, तुमची कळकळ पोचली, पण जमीन कसणाऱ्याची बाजू यात कुठेच नाही. सातबाऱ्यावर सहा नावे असली की पीककर्जाला सहा सह्या किंवा संमतीपत्रे लागतात. एक बहीण परगावी, दुसरीचे घरचे सही करू देत नाहीत, आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही. विहीर, पाइपलाइन, वीजजोडणी, प्रत्येक ठिकाणी सहहिस्सेदारांची संमती मागितली जाते. पुढच्या पिढीत त्या सहा नावांची पंचवीस होतात. तेव्हा वाटप करायचे म्हटले तर शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

शिवाय वडिलांचे कर्ज, आईचे औषधपाणी आणि बहिणींची लग्ने ज्याने पार पाडली, त्याला आणखी वर्षभर टांगते ठेवायचे का? माझा अनुभव असा की जे काम महिन्याभरात गोडीने होते, ते वर्षभराने कोर्टात जाते, कारण तोवर सल्ला देणारे वाढलेले असतात.

जुना कारकून

नोंदणीच्या कामात आयुष्य गेले, म्हणून लिहितो. दोन्ही बाजूंनी सातबाऱ्यावरच्या नावाला आहे त्याहून जास्त वजन दिले जात आहे. फेरफार नोंद, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल करणारी नोंद, ही महसुलासाठी असते. तिने मालकी येत नाही आणि नाव लागले नाही म्हणून मालकी जातही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. हिस्सा जातो तो नोंदणीकृत दस्ताने.

यातून भावांनाही धडा घेण्यासारखा आहे. कित्येक घरांत हक्कसोडपत्र होतच नाही. मुद्रांक कागदावर ‘माझे नाव लावू नये’ असे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्यांकडे दिले जाते आणि बहिणीचा विषय संपला असे सगळे धरून चालतात. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. त्या कागदाने बहिणीचा हिस्सा जागचा हलत नाही आणि बऱ्याच वर्षांनी जमीन विकायला काढली की खरेदीदाराचा वकील नेमके तेच बोट ठेवतो. वडील हयात असतानाच त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा भावी हक्क मुलीकडून लिहून घेणारेही आहेत. पुढेमागे वारसा मिळेल ही नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे तसा दस्त टिकणे कठीण.

तरीही वर्षभराच्या बंदीला माझा विरोध आहे. सज्ञान व्यक्तीला स्वतःच्या मिळकतीचे काय करायचे ते ठरवू द्यावे. त्याऐवजी दस्ताची प्रत आठवडाभर आधी घरी द्यावी, मिळकतीचे वर्णन मोघम नसावे आणि सही करणाऱ्या बाईला तो एकटीला वाचून दाखवावा, एवढे सक्तीचे करा. एकदा नोंदवलेला दस्त भावाबहिणींपैकी कोणालाही एकट्याने रद्द करता येत नाही. दिवाणी न्यायालयातच जावे लागते आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत जावे लागते, हेही त्याच वेळी सांगितले जावे.

सोनचाफा

मी स्वतः हक्कसोडपत्र केले आहे, पूर्ण समजून केले आहे, आणि वर्षभर थांबायला लावले असते तर मला तो माझा अपमान वाटला असता. माझा भाऊ त्या जमिनीवर जगतो, मी जगत नाही. प्रत्येक बहीण बिचारी असते असे धरून कायदे करू नका.

फक्त आईचे हक्कसोडपत्र मी होऊ दिले नाही. त्या वेळी ‘मला काय करायचे आहे जमिनीचे, पोरं बघतील’ असे ती म्हणत होती, आणि तेवढ्यावरून सगळ्यांनी दस्तात तिचेही नाव घातले होते.

उंबरठा

सोनचाफा, आपल्या निर्णयाबद्दल आदरच आहे. पण ज्या बहिणीला मनापासून हिस्सा सोडायचा आहे, तिची इच्छा वर्षानंतरही तीच राहील. जिची बदलेल, तिच्याचसाठी हा नियम मागते आहे. दस्त घरी देणे आणि वाचून दाखवणे या कारकून साहेबांच्या सूचना मला हव्याच आहेत, मात्र भरल्या घरात आठवडाभर तो कागद समोर ठेवल्याने ‘नाही’ म्हणण्याचे बळ येत नाही. तिला आपल्या घरी परतून, स्वतःच्या संसारात बसून विचार करायला वेळ हवा.

कोरडवाहू दादा, आपली अडचण खरी आहे, पण तिच्यावर हक्कसोड हा एकच उपाय नाही. कर्ज, विहीर, वीज यांसाठी बहिणी भावाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सह्या करण्याचा अधिकार, देऊ शकतात आणि हिस्सा त्यांच्याकडेच राहतो. बहिणीने हिस्सा विकायचा ठरवला तर १९५६ च्या कायद्याचे कलम २२ भावाला तो घेण्याचा पहिला हक्क देते, किंमत जुळली नाही तर न्यायालय ठरवते, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. म्हणजे जमीन परक्याकडे जाईल ही भीती कायद्याने आधीच हाताळलेली आहे. लग्नाच्या खर्चाचे म्हणाल, तर तो भावांच्या लग्नातही झालेला असतो. त्यांच्या हिश्शातून तो कोणी वजा केल्याचे मी पाहिलेले नाही.

आणि आईबद्दल सोनचाफा यांनी लिहिले ते या साऱ्या विषयाचे मूळ आहे. लेकीला निदान सासरचा आधार असतो. नवरा गेलेल्या बाईने सही केली की ज्या घरात ती राहते तेही तिचे उरत नाही.

कोरडवाहू

बहिणींच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे. कुलमुखत्यारपत्र आज देतात आणि उद्या रद्द करतात, त्यावर विहिरीचे कर्ज कोण काढणार?

आईचे मात्र पटले. आमच्या भावकीत अशी एक आई आज दोन मुलांकडे सहा-सहा महिने राहते आणि कोणत्याच घरात तिला आपली पेटी कायमची ठेवता येत नाही. तिचा हिस्सा तिच्या हयातीत कोणी लिहून घेऊ नये, असा नियम करणार असाल तर त्याला माझा पाठिंबा राहील.

जुना कारकून

हयातभर बंदी घातली तर आजारपणात स्वतःचा हिस्सा विकून पैसे उभे करण्याची तिची वाटही बंद होईल, दादा. विक्रीची मोकळीक ठेवून फक्त विनामोबदला सोडण्यावर अट घालावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते. पण ती अट दस्तात लिहिलेली नसली की वाद तिथेच अडतो. तेव्हा आईने काही सोडायचेच असेल, तर सांभाळाची अट त्या दस्तात शब्दशः लिहिलेली असल्याशिवाय तो नोंदणीला घेऊ नये.