मदत हवी आहे: सायकलनं सिंहगड ३८ मिनिटांत चढतो, पण शर्यतीच्या शेवटच्या घाटात दर वेळी मागे सुटतो

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

वय ३९, वजन ६८ किलो, राहणार धायरी. शिरवळला कंपनीत नोकरी, पाळी दर आठवड्याला बदलते. सायकल सहा वर्षं चालवतोय, शर्यती गेली तीन वर्षं. जानेवारीत वीस मिनिटांची टेस्ट दिली, पायडलवरचा सरासरी जोर २४५ वॉट आला. त्यातून ५ टक्के वजा केले तर एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल असा जोर) २३३, म्हणजे किलोमागे ३.४ वॉट. डोणज्यापासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंत ३८ मिनिटं लागतात. दोन वर्षांपूर्वी ४५ लागायची.

आता दुखणं. फेब्रुवारीत ९५ किलोमीटरची शर्यत होती, शेवटचे सात किलोमीटर घाट. पायथ्यापर्यंत मी पहिल्या २५ जणांत होतो. घाट लागला आणि दोन किलोमीटरमध्ये संपलो. त्या चढाची सरासरी फक्त १७८ वॉट. धाप लागली नव्हती. सिंहगडावर १७२ ला जाणारा हार्ट रेट १५८ च्या वर चढेना. पाय नुसते रिकामे. ज्यांना मी गडावर दर आठवड्याला मागे टाकतो ते दोघं माझ्यासमोरून निघून गेले. आधीच्या दोन शर्यतींत हेच झालं होतं.

आठवडा असा असतो: मंगळवार आणि गुरुवार सिंहगड पूर्ण जोरात, शनिवारी कात्रजचा जुना बोगदा ग्रुपबरोबर, रविवारी ८० किलोमीटर ग्रुप राइड, तीही जोरातच. एकूण नऊ-दहा तास.

शर्यतीत खाल्लं ते दोन केळी आणि एक जेल (पुडीतला साखरेचा घट्ट पाक). एका बाटलीत पाणी, दुसरीत बिनसाखरेची इलेक्ट्रोलाइटची गोळी.

यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, मास्टर्स (वयानं मोठ्यांच्या) गटात एकदा तरी पहिल्या तिघांत यायचं. नव्वद हजार रुपये साठवलेत. ग्रुपमधले म्हणतात कार्बनची चाकं घे, ४०० ग्रॅम वाचतील. घेऊ का? की माझं दुसरंच काही चुकतंय?

प्रतिसाद : वॉटमापे

चाकं घेऊ नका. निदान या कारणासाठी नको. तुम्ही, सायकल, बाटल्या, कपडे मिळून ७८ किलोच्या आसपास होतील. त्यात ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. ३८ मिनिटांच्या चढात दहा-बारा सेकंद. तुम्ही त्या घाटात मिनिटांनी मागे पडलात.

तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची ओळ खाण्याची आहे. दोन केळ्यांचे ५० ग्रॅम आणि जेलचे २५, म्हणजे तीन तासांत ७५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं). तासाला २५. अशा शर्यतीला तासाला ६० तरी हवेत, पोटाला सवय झाली की ९० पर्यंत. स्नायू आणि यकृत मिळून कार्बचा साठा साधारण चार-पाचशे ग्रॅमचा असतो आणि ग्रुपमधल्या प्रत्येक उसळीला तो झपाट्यानं जळतो. धाप नाही, हार्ट रेट चढत नाही, पाय रिकामे: हे बहुतेक वेळा टाकी संपल्याचं लक्षण असतं.

शर्यतीची पॉवर मीटरची फाइल असेल तर दोन गोष्टी सांगा. पायथ्याला पोचेपर्यंत किती किलोज्यूल (पायडलवर गेलेली एकूण ऊर्जा) झाले, आणि ४०० वॉटच्या वर किती वेळा गेलात?

धागाकर्ता

पायथ्यापर्यंत १४५५ किलोज्यूल, सरासरी १६५ वॉट. ४०० च्या वर ३१ वेळा गेलोय. एवढ्या वेळा गेलो असेन असं वाटलंच नव्हतं, आता मोजल्यावर कळलं. बहुतेक वेळा वळण संपल्यावर किंवा गतिरोधकानंतर.

प्रतिसाद : सांगलीचा गडी

गड्या, त्या ३१ उसळ्यांतच तुझी शर्यत गेली. तू बंचच्या (मुख्य घोळक्याच्या) शेपटीला बसत असणार. वळणावर पुढचा जरासा हळू होतो, त्याच्या मागचा जास्त, आणि शेवटचा तर जवळपास थांबतो. मग पुढचे निघाले की शेवटच्याला जीव काढून अंतर भरावं लागतं. पहिल्या आठ-दहांत बसलेला माणूस त्याच वळणातून नुसता वाहत निघतो.

मुंबई-पुणे शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्याला चढणाऱ्या बोरघाटात ‘घाटांचा राजा’ ठरायचा. आमचे उस्ताद सांगायचे, खोपोलीपर्यंत ज्यानं वारा खाल्ला त्याचं घाटात काही खरं नाही. पुढच्याच्या चाकामागं नीट बसलास तर सपाटीला पाव हिस्सा जोर सहज वाचतो. पण मागं बसायचं म्हणजे शेवटाला बसायचं नव्हे. पुढून पाचवा ते दहावा, वाऱ्याच्या आडोशाला. आणि घाटाच्या आधी दोन किलोमीटर पुढं सरकायचं. चढाला पहिला लागलास आणि दहा जण पुढं गेले तरी तू अजून ग्रुपातच असतोस. शेवटी लागलास तर पहिला माणूस गेला की सुटलास.

हे घरी बसून येत नाही. रविवारच्या राइडला जोर लावायचा नाही, जागा राखायचा सराव कर. चाकाला चाक घासणार नाही एवढं अंतर ठेव आणि रहदारीच्या रस्त्यावर असले प्रयोग करू नको.

प्रतिसाद : रात्रपाळीची परिचारिका

मीही पाळ्यांत काम करते आणि शर्यती करते, म्हणून लिहिते. दादा, तुमच्या आठवड्यात चार दिवस जोराचे आहेत आणि हलका एकही नाही. तुम्ही रात्रपाळीच्या आठवड्यातही मंगळवार-गुरुवार सिंहगड करता का? करत असाल तर ते आधी थांबवा. दिवसा तुकड्यातुकड्यांनी झोपलेलं शरीर तो मेहनतीचा ताण पचवत नाही.

मी वार धरून सराव ठेवत नाही, पाळी धरून ठेवते. दुपारच्या पाळीचा आठवडा सगळ्यात चांगला, सकाळ मोकळी आणि झोप रात्रीची. जोराचे दिवस तिथं. पहिल्या पाळीत एक जोराचा दिवस. रात्रपाळीत फक्त बोलता बोलता चालवता येईल अशी राइड, तीही झोप झाल्यावर. उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सायकल भिंतीलाच राहू दे.

आणि एकदा डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. चाळिशीच्या उंबरठ्यावर शर्यतीत उतरताय तर हृदयाची तपासणीही त्याच फेरीत होऊन जाऊ दे.

प्रतिसाद : हलकाफुलका

वजन ६४ वर आणा. चार किलो म्हणजे गडावर दोन मिनिटं. बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद : वॉटमापे

गणित बरोबर आहे, सल्ला या माणसासाठी घातक आहे. जो आधीच कमी खाऊन शर्यतीत रिकामा होतोय, रात्रपाळी करतोय आणि आठवड्यात चारदा जोर लावतोय, त्याला अजून कमी खायला सांगायचं? वजनाआधी वॉटही जातील आणि झोपही. हंगाम संपल्यावर बघू.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळीतही गड करत होतो, हो. ताई, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली, हेच मी वर्षभर सांगतेय.

एक शंका. मागे एकदा शर्यतीत तीन जेल घेतल्या तर पोट ढवळून आलं होतं. ६० ग्रॅम कसे पचवायचे? आणि जेलचा खर्चही परवडत नाही.

प्रतिसाद : वॉटमापे

पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा केलंत तर ढवळणारच. लांब राइडला तासाला ४० पासून सुरू करा, दर आठवड्याला दहानं वाढवा.

जेलची गरज नाही. ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच मोठे चमचे, एक लिंबू, पाव छोटा चमचा मीठ. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आतड्यातून ते वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, म्हणून जास्त मात्रा पचते. अशा दोन बाटल्या, तुमची ती दोन केळी आणि एक जेल मिळून तीन तासांत १९५ ग्रॅम होतात. तासाला ६५. खजूर किंवा राजगिऱ्याची वडी खिशात असू द्या, पण चावायचं ते पहिल्या दीड तासात. पहिला घोट विसाव्या मिनिटाला, भूक लागायची वाट बघायची नाही.

सरावात एक बदल. सिंहगड ताज्या पायांनी चढणं दोन महिने बंद. घरून पानशेत, तिथून परत डोणज्याला या, मधे दहा-बारा वेळा एकेक मिनिट उसळी मारा आणि मग गड चढा. पंधरवड्यातून एकदा पुरे. ती वेळ लिहून ठेवा. शर्यतीत उपयोगी पडणारी तुमची सिंहगडाची वेळ ती, ३८ मिनिटं नव्हे. पहाटे लवकर जा, सुटीच्या दिवशी गडाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते.

मागचा कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) जास्तीत जास्त किती दातांचा आहे?

धागाकर्ता

पुढे ३४, मागे २८.

प्रतिसाद : वॉटमापे

मग पैसे तिथं घाला. नऊ-दहा टक्क्यांच्या टप्प्यावर तुमच्या वॉटला वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरचा, म्हणजे ३४-२८ वर पाय मिनिटाला सत्तरच्या आसपास फिरतात. दमलेल्या पायांना ते जड जातं. मागे ३४ घेतलात तर तेच ८५ होतील. मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढा पेलतो का, हे मेकॅनिकला विचारा, काही वेळा तोही बदलावा लागतो. तरी चाकांच्या मानानं खर्च काहीच नाही.

धागाकर्ता (सहा आठवड्यांनी)

पानशेत करून सिंहगड तीनदा झाला. पहिल्यांदा ४७ मिनिटं लागली, तेव्हा फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा ४४. काल ४१ मिनिटं २० सेकंद, पायथ्याला १५०० किलोज्यूल झालेले असताना. साखरेच्या बाटल्या पोटाला मानवल्या, ७० ग्रॅमपर्यंत आलोय. रात्रपाळीच्या दोन आठवड्यांत गडाकडे फिरकलो नाही. रिपोर्टमध्ये फेरिटिन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. बाकी सगळं ठीक आहे.

जागा राखणं अजून जमत नाही. कोपर लागलं की मी आपोआप ब्रेक धरतो आणि चार जण आत शिरतात. सांगलीच्या दादांना विचारायचं होतं, ही भीती घालवायला तुम्ही काय करायचा?

प्रतिसाद : सांगलीचा गडी

गवताचं मैदान बघ. ओळखीचा एक जण घे, दोघं शेजारी शेजारी, अगदी हळू चालवा आणि मुद्दाम खांद्याला खांदा लावा. कोपर बाहेर, हात सैल, नजर पुढच्याच्या चाकावर नको, त्याच्या खांद्यावरून पुढं. पडलास तरी गवतात पडशील. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. आम्ही शाळेच्या मैदानावर हेच करायचो.

धागाकर्ता

धायरीत मैदान शोधतो. कॅसेट आज बसवून आणला, डिरेलर बदलावा लागला नाही. पुढची शर्यत तीन आठवड्यांनी आहे, घाट शेवटीच आहे.