मैदानासमोरचा फ्लॅट घ्यावा की नको (आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

गुरुवार

मी: सगळ्यांना विचारायचं होतं. चिंचवडला फ्लॅट बघतोय ना आम्ही, त्यातला एक फारच मनात भरलाय. रीसेल आहे, टू बीएचके, तिसरा मजला, हॉलची गॅलरी थेट मैदानावर, मधे फक्त छोटा रस्ता. हा ९२ लाख सांगतायत आणि त्याच सोसायटीत मागच्या विंगमधे तेवढाच फ्लॅट ८४ ला आहे. म्हणजे समोरच्या मोकळ्या जागेचे ८ लाख. कर्ज काढून ते भरायचे म्हणजे हप्ता महिना सात हजारांच्या आसपास वाढतो, वीस वर्षं. रविवारी टोकन द्या म्हणून एजंट मागे लागलाय. काय करू?

आई: उजेड भरपूर असेल. पोराला खाली उतरलं की खेळायला जागा. मला तर घ्यावासा वाटतो.

दादा: थांब. कधी बघितलास फ्लॅट?

मी: मंगळवारी दुपारी साडेबाराला. एकदम शांत. वारा मस्त येत होता. मैदानात एक माणूस झाडाखाली झोपलेला, बाकी कुणी नाही.

दादा: हेच. एजंट मंगळवारी दुपारीच दाखवणार. मी अजून दर रविवारी टेनिस बॉल खेळतो म्हणून सांगतो, रविवारी सकाळी साडेसहापासून एका मैदानावर चार चार मॅच चालू असतात, एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या पिचवर, आणि सगळे ओरडून बोलतात कारण त्याशिवाय ऐकूच येत नाही. ते एकवेळ चालेल. खरा त्रास टूर्नामेंटचा. दिवाळीनंतर सुरू होतात त्या पार मे पर्यंत, रात्रीच्या मॅच, फ्लडलाइट, माइकवर कॉमेंट्री, प्रत्येक सिक्सला गाणं. फ्लडलाइटचा खांब कुठल्या बाजूला आहे ते बघ आधी. तिसऱ्या मजल्याला तो बेडरूमच्या बरोबर समोर येतो, मग पडदे जाड घे नाहीतर काहीही कर, खोली पिवळी होते. आणि सासूबाईंची झोप किती सावध आहे ते तूच सांगत असतेस.

वहिनी: गाडी कुठे लावणार तेही बघा ताई. मॅच बघायला येणारे गेटसमोर बाइक लावून जातात. आणि नवरात्रात गरबा असतो का, दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल लागतात का, हे वॉचमनला विचारा, एजंटला नाही.

बाबा: मालक का विकतोय?

मी: मुलाकडे बंगलोरला जातायत म्हणाले.

बाबा: शेजाऱ्यांना विचार.

आत्या: अगं मी आत्ता वाचलं सगळं. मोठा मेसेज आहे, सावकाश वाच. मी १९८६ ला लग्न होऊन शिवाजी पार्कला आले तेव्हापासून मैदानासमोर राहतेय, पहिला मजला, त्यामुळे मला दोन्ही बाजू माहीत आहेत. पहिल्यांदा वाईट सांगते. धूळ. लाल माती. जानेवारीनंतर वारा सुटला की पोळपाटसुद्धा वापरायच्या आधी पुसायचा. खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेत जी माती बसते ती फडक्याने निघत नाही, त्यासाठी मी जुना टूथब्रश वेगळा ठेवलाय, दर शनिवारी खाच घासायची आणि सोमवारी परत तितकीच. मैदानावर पाणी मारतात, पण वारा तो वारा. तुझ्या गॅलरीचं तोंड पश्चिमेला असेल तर उन्हाळ्याचा वारा मैदानावरून थेट तुझ्या हॉलमधे येणार हे धरून चाल. पोराला लहानपणी दम लागायचा ना, डॉक्टरांना विचार.

दुसरं म्हणजे गर्दी. आमच्याकडे दसरा मेळावा १९६६ पासून, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो माणसं येतात, लांबलांबून, पोराबाळांना घेऊन, मैदानात मंडपात राहतात. त्या दिवसांत आम्ही गाडी काढत नाही, दूध-भाजी आधी आणून ठेवतो. मला त्याची तक्रार कधी करावीशी वाटली नाही. माझ्या दारात येऊन ज्यांना पाणी मागावं लागतं त्यांचा प्रवास माझ्या गैरसोयीपेक्षा मोठा असतो. पण रोजच्या लाऊडस्पीकरचा त्रास मात्र खरंच होता. रहिवासी कोर्टात गेले आणि २०१० ला हायकोर्टाने पार्क सायलेन्स झोन धरलं, तेव्हा कुठे त्याला बंधनं आली. तुझ्या मैदानासाठी कुणी कोर्टात गेलेलं नसणार, म्हणून सांगते.

आता चांगलं. सकाळी नेट्समधे बॅटवर बॉल बसल्याचा जो आवाज येतो ना, टक्क, तो मला अलार्मसारखा झालाय. आचरेकर सरांची नेट्स मी गॅलरीत भाजी निवडताना बघितलीयत. सचिन तिथेच घडला, पण तेव्हा आम्हाला सगळी पोरं सारखीच, पांढरे कपडे मातीत लाल झालेली. आणि माझ्या गॅलरीत एक जुना डालड्याचा डबा आहे. कडेला खेळणाऱ्या पोरांचे रबरी नाहीतर टेनिसचे बॉल रस्ता ओलांडून गॅलरीत आले की मी त्यात टाकते, बेल वाजते, "काकू बॉल", की डबाच पुढे करायचा, ज्याचा त्याने ओळखून घ्यायचा. सुरुवातीला एकदा काच फुटली तेव्हा मी चिडून बॉल दिला नव्हता. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, मैदान त्यांचं आहे, आपण नंतर आलो. मला ते कायमचं पटलं.

म्हणून बाळा एकच सांगते, घ्यायचा तर मैदान पोरांसकट घ्या, आवाजासकट, काचेसकट. आज मोकळी हवा म्हणून घ्यायचा आणि दोन वर्षांनी अर्ज करायचा की संध्याकाळी खेळ बंद करा, ते करू नका. ते जमणार नसेल तर दुसरीकडे बघा, त्यात काही कमीपणा नाही.

मी: आत्या, मी हे दोनदा वाचलं.

नानाकाका: आत्याचं बरोबर आहे पण ती शिवाजी पार्कचं बोलतेय. ते १९२५ पासून मैदान आहे, कुठे जाणार नाही. तुझ्या समोरचं मैदान कुणाचं आहे ते आधी काढ. माझी नोकरी भूमापनात गेली म्हणून मला दिसतं, मोकळी जागा आणि मैदान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोरं खेळतात म्हणजे मैदान झालं असं नसतं. पहिली शक्यता, जागा महापालिकेच्या नावावर आहे आणि विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून आहे, तर उत्तम. दुसरी, जागा खासगी मालकाची आहे आणि त्यावर नुसतं आरक्षण आहे, म्हणजे आराखड्यात मैदानासाठी राखून ठेवलीय पण महापालिकेने अजून घेतलेली नाही. असं असेल तर सांभाळून. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. मग तिथे टॉवर उभा राहिला की तुझे ८ लाख गेले आणि गॅलरीसमोर दुसऱ्याचं स्वयंपाकघर. शिवाय कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल होऊ शकतो, त्याची नोटीस निघते आणि हरकती घ्यायला महिनाभर मिळतो, पण ती नोटीस वाचतो कोण. तेव्हा दोन कागद काढ. एक, त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला भाग नकाशासकट, महापालिकेच्या नगररचना विभागातून. दोन, प्रॉपर्टी कार्ड नाहीतर सातबारा, मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघायला. खेळाचं मैदान आणि उद्यान ही आरक्षणं वेगळी असतात, शब्द नीट वाच. हे हातात येईपर्यंत टोकन देऊ नकोस, एजंट कितीही घाई करू दे.

बाबा: नानाचं ऐक.

दादा: आणि बाई एकटीच खरेदीदार असेल तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते, ९२ लाखावर ९२ हजार. बँकेला विचारून घे कर्ज कसं बसतं ते.

मी: बरं. रविवारी टोकन नाही, रविवारी परत बघायला जातो सगळे. सासूबाईंनाही नेते.

रविवार

मी: जाऊन आलो. दोनदा. संध्याकाळी साडेपाचला आणि परत रात्री साडेनऊला. दादा, खांब दोन आहेत आणि एक अगदी त्या बेडरूमच्या रेषेत. आज नुसतीच प्रॅक्टिस होती तरी गॅलरीत उभं राहून पेपर वाचता आला असता. वॉचमन म्हणाला वर्षातून दोन मोठ्या टूर्नामेंट, आणि नवरात्रात नऊ दिवस गरबा, दहाला स्पीकर बंद करतात पण काही दिवस बाराला.

नानाकाका: बरोबर, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियमच आहे, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५.

मी: फोनवरच्या अ‍ॅपने गेटपाशी ७० च्या आसपास दाखवलं, ते किती खरं कोण जाणे. सासूबाई दहा मिनिटं गॅलरीत बसल्या आणि म्हणाल्या, मला आवडलं गं, पण मी झोपायला मागे जाईन.

आता खरी गोष्ट. आम्ही सेक्रेटरींशी बोलत होतो आणि पोरगा कधी सटकला कळलंच नाही. बघते तर मैदानात. एका टीमला एक पोरगा कमी होता, त्यांनी ह्याला बोलावलं आणि लांब बाउंड्रीला उभं केलं. नाव कुणाला माहीत नाही त्यामुळे "ए नवीन, मागे जा, अजून मागे" असं चाललं होतं. एक कॅच सुटला, एक रन वाचवला. चाळीस मिनिटांनी आला तो गुडघे मातीने भरलेले, आणि पहिला प्रश्न, उद्या पण यायचं का. आत्ताच्या घरी हा मुलगा संध्याकाळी जिन्यात बॉल आपटत बसतो आणि खालच्या मजल्यावरून ओरडा खातो.

आणि तेव्हाच सेक्रेटरी मला एक कागद दाखवत होते. सोसायटीचा अर्ज, आमच्या बाजूचं मैदानाचं गेट कायमचं बंद करा आणि सातनंतर खेळायला मनाई करा म्हणून. वीस-बावीस सह्या झाल्यायत. म्हणाले तुम्ही आलात की तुमचीही घेऊ. मला काय बोलावं सुचेना, समोर माझाच पोरगा खेळत होता.

आत्या: सह्या करणाऱ्यांनाही त्रास होतच असेल, ते खोटं नाही. पण माइकसाठी अर्ज करा, लाइटचं तोंड खाली वळवा म्हणून करा, कडेला उंच जाळी मागा. गेट बंद करून काय मिळणार?

वहिनी: पटलं आत्या. माइक वेगळा, मुलं वेगळी.

मी: एक विचार मनात आलाय, हसू नका. मैदान पब्लिक आहे. मागच्या विंगमधून ते शंभर पावलं आहे. मग ८ लाख मी नक्की कशाचे देतेय? पोरगा दोन्हीकडून तेवढाच खेळणार. धूळ, लाइट, माइक समोरच्यालाच जास्त.

आई: पण गॅलरीतून दिसणार नाही गं तो.

मी: हो आई, तेवढं आहे. ते मलाही लागतंय.

आत्या: मी तुझ्या जागी असते तर समोरचाच घेतला असता, पण मला ४० वर्षांची सवय आहे आणि माझ्यावर हप्ता नाही. तुझा हिशोब बरोबर आहे.

पुढचा शनिवार

मी: नानाकाका, दोन्ही कागद मिळाले. प्रॉपर्टी कार्डवर मालक महापालिका, झोन दाखल्यात खेळाचे मैदान. फोटो टाकलेत.

नानाकाका: बघितले. सर्व्हे नंबर जुळतोय. आता निर्धास्त.

मी: मागच्या विंगचा ठरवला. पाचवा मजला, ८२ ला तयार झाले. सासूबाईंनी खोली स्वतः निवडली. टोकन देऊन आलो आणि सेक्रेटरींना सांगितलं की माइक आणि लाइटच्या अर्जावर आमची सही पहिली घ्या, गेटच्या अर्जावर नको.

बाबा: छान केलंस. जावईबापूंना सांग, रजिस्ट्रेशनला मी येतो.

दादा: मी रविवारी सकाळी येतोय. भाच्याला सांग साडेसहाला खाली ये, बॅट मी आणतो.