टेसरॅक्ट ५ बिल्ड होईना, लेप्टोनिका असूनही कॉन्फिगर अडतंय (उबुंटू २२.०४)

कृष्णाकाठ (सांगली)
वाचनालयातल्या जुन्या मराठी अंकांची स्कॅन केलेली पानं मजकुरात आणायची आहेत. उबुंटू २२.०४ च्या रेपोत (तयार पॅकेजांच्या साठ्यात) टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, ४.१.१ आहे, म्हणून ५ सोर्सवरून (मूळ कोडमधून) बिल्ड करतोय. लॅपटॉप ४ कोअर, ४ जीबी रॅम. त्याला लागणाऱ्या लेप्टोनिका या चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीची टारफाईल उतरवून प्रिफिक्स (बसवायची जागा) 'होम/ऑप्ट' देऊन इन्स्टॉल केली, कुठेच एरर नाही. तरी टेसरॅक्टचं कॉन्फिगर (बिल्डआधीची तपासणी) म्हणतं, 'लेप्टोनिका १.७४ ऑर हायर इज रिक्वायर्ड'. माझी तर त्याहून नवीन आहे.

अजिंक्यतारा
आहे हो, पण कॉन्फिगरला ती दिसत नाही. कॉन्फिगर शोधतं ते पीकेजी-कॉन्फिग (लायब्रऱ्यांचा पत्ता सांगणारी कमांड) मार्फत, आणि ते ठरलेल्या फोल्डरांतच 'लेप्ट.पीसी' नावाची फाईल बघतं. तुमची फाईल होम/ऑप्ट/लिब/पीकेजीकॉन्फिगमध्ये बसलीय. पीकेजी_कॉन्फिग_पाथ या व्हेरिएबलमध्ये तो पत्ता दिला की काम होईल.

पण मी म्हणेन ते करूच नका. २२.०४ मध्ये लेप्टोनिका १.८२.० तयार मिळते, लिबलेप्टोनिका-डेव्ह या पॅकेजात. ती ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज कमांडने) घ्या आणि होम/ऑप्टमधली काढून टाका. हाताने बिल्ड करताना लिबपीएनजी, लिबजेपेग, लिबटिफ या चित्र-फॉरमॅटच्या लायब्रऱ्यांची 'डेव्ह' (बिल्डला लागणारी) पॅकेजं नसली तर लेप्टोनिका तक्रार करत नाही, गुपचूप तो आधार वगळते. मग टेसरॅक्ट झकास बिल्ड होतं आणि पहिलंच पीएनजी पान दिल्यावर 'फंक्शन नॉट प्रेझेंट'. दोष दिसतो टेसरॅक्टमध्ये, असतो लेप्टोनिकात.

सोबत ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग आणि जी++ आहेत ना बघा. पुन्हा अडलं तर कॉन्फिग.लॉग उघडा, पण तळाशी जाऊ नका, तिथे नुसती व्हेरिएबलांची जंत्री असते. 'लेप्ट' शोधा आणि त्याच्या आसपासच्या ओळी वाचा.

कृष्णाकाठ (सांगली)
कॉन्फिगर पार पडलं, धन्यवाद. आता 'मेक -जे४' (बिल्डची कमांड) अर्ध्यातच थांबतं: 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस'. त्यात दुपारी लाईट गेली, बॅटरी मेलेलीच आहे. परत मेक दिलं तर लिंक करताना (तुकडे जोडताना) एक .ओ फाईल (कंपाइल झालेला तुकडा) 'फाईल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड'.

माणदेशी_टर्मिनल
दोन वेगळी दुखणी आहेत.

सीसी१प्लस म्हणजे सी++ कंपायलर, तो मारला कर्नलने, रॅम संपली म्हणून. डीमेसेज या कमांडने कर्नलच्या नोंदी बघा, त्यांत 'आउट ऑफ मेमरी' दिसेल. जे४ म्हणजे चार कंपायलर एकाच वेळी, वर ब्राउझर उघडा. ब्राउझर बंद करून जे२ द्या. तरीही मेला तर २ जीबीची स्वॅप फाईल (रॅमला पूरक डिस्कवरची जागा): फॅलोकेट, सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, याच क्रमाने.

दुसरं लाईटचं. ती .ओ फाईल ० बाइटची असणार. मेक फक्त वेळ बघतं: फाईल सोर्सपेक्षा नवी, म्हणजे काम झालं. आत काही आहे का ते बघत नाही. ० आकाराच्या .ओ फाईली फाइंडने शोधून उडवा आणि मेक पुन्हा चालवा.

अजिंक्यतारा
इथे नुसत्या .ओ उडवून भागणार नाही. टेसरॅक्टची लायब्ररी लिबटूल या साधनाने बनते, मेकचं लक्ष्य .एलओ (लिबटूलची नोंद-फाईल) असतं आणि खरी .ओ लपलेल्या .लिब्स फोल्डरात. .एलओ शाबूत असली तर मेकला वाटतं सगळं आलबेल आहे. सरळ 'मेक क्लीन' करा. वेळ जाईल, पण अर्धवट फाईली हुडकत बसण्यापेक्षा बरं.

मेक इन्स्टॉलनंतर सुडो एलडीकॉन्फिग विसरू नका, नाहीतर 'लिबटेसरॅक्ट.एसओ.५ कॅनॉट ओपन' येईल. फाईल युएसआर/लोकल/लिबमध्ये असतेच, पण प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या शोधणाऱ्या लोडरची यादी जुनी असते, ती ही कमांड ताजी करते. आधी ॲप्टचं टेसरॅक्ट चालवलेलं असेल तर टर्मिनल नवीन उघडा, बॅश (टर्मिनलमधला शेल) कमांडचा जुना पत्ता धरून बसतो.

माणदेशी_टर्मिनल
लिबटूलचं बरोबर, माझं चुकलं.

मराठी डेटाचं (मराठी अक्षरं ओळखायला लागणाऱ्या फाईलचं) आत्ताच सांगून ठेवतो. ॲप्टमधून आलेला मराठी डेटा युएसआर/शेअरखाली जातो, तुमचं बिल्ड युएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा बघतं. तिथे मार.ट्रेनडडेटा ठेवा. टेसडेटा_प्रिफिक्स हे व्हेरिएबल दिलंच तर थेट टेसडेटा फोल्डरचा पत्ता द्या. टेसरॅक्ट ३ च्या काळात त्याच्या वरच्या फोल्डरचा द्यावा लागायचा, जुन्या सूचना तिथेच फसवतात. गिटहबवरून घेताना 'रॉ' (थेट फाईलच्या) दुव्यावरून घ्या, नाहीतर त्या नावाने वेबपान उतरतं. जुन्या छपाईला 'बेस्ट' संच घ्या. 'फास्ट'पेक्षा वेळ लागतो, पण जोडाक्षरं सुधारत बसण्यात त्याहून जास्त जातो.

कृष्णाकाठ (सांगली)
जे२ वर झालं, स्वॅप लागली नाही. व्हर्जन विचारल्यावर लेप्टोनिका-१.८२.० आणि खालच्या ओळीत लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ तिन्ही दिसतात. मार.ट्रेनडडेटा मात्र खरंच वेबपान निघालं, हेड कमांडने पहिलीच ओळ एचटीएमएलची. परत उतरवतोय.