मदत हवी आहे: घरात शिरतानाची दुआ देवनागरीत नीट कशी लिहू?

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

आम्ही नागपूरला राहतो, मूळचे काटोलकडचे. अम्मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. तिला अरबी वाचता येत नाही, उर्दूही नाही. नमाज सगळी ऐकून पाठ केलेली. घरात शिरतानाची दुआ अब्बांनी देवनागरीत लिहून दाराच्या आतून चिकटवली होती. चपला काढता काढता अम्मी ती म्हणायची. २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीचं पाणी घरात शिरलं, त्यात तो कागद गेला. पुढच्या वर्षी अब्बाही गेले.

आता नवा कागद मी लिहितेय:

अल्लाहुम्म इन्नी अस्अलुक ख़ैरल मौलिजि व ख़ैरल मख़्रजि, बिस्मिल्लाहि वलज्ना, व बिस्मिल्लाहि ख़रज्ना, व अलल्लाहि रब्बिना तवक्कल्ना.

मोमिनपुऱ्यातून दोन पुस्तिका आणल्या, एकीत 'मौलिज' आहे, दुसरीत 'मौलज'. बरोबर कोणतं? शिवाय अम्मी 'वलज्ना'तला ज 'जरा'तल्यासारखा म्हणते. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "अल्लाहले चुकीचं कसं आयकवू वं?" आणि त्या दिवसापासून तिनं दुआ म्हणणंच सोडलं. मी उगाच बोलले, हे मनातून जात नाही.

अजून एक. दुआ झाली की घरच्यांना सलाम करायचा असतो. अम्मी दुपारी शिलाईचं काम देऊन परतते तेव्हा दाराला कुलूप असतं. मग सलाम कोणाला करायचा?

प्रतिसाद:

ताई, व्याकरणानं 'मौलिज' बरोबर. पुढच्या 'मख़्रज'शी जुळावं म्हणून काही जण 'मौलज' म्हणतात. कागदावर 'मौलिज' लिहा. 'वलज्ना', 'ख़रज्ना' यांतला ज 'जीवन'मधला. 'जरा'तला ज अरबीतल्या दुसऱ्याच अक्षराच्या जवळ जातो, म्हणून कागदावर शेजारी 'जीवन' लिहून ठेवा. ख़ घशातून येतो, तो ऐकूनच जमेल. कोणाकडून मोबाईलवर सावकाश म्हणवून घ्या.

पण अम्मींना थांबू देऊ नका. ही दुआ अबू दाऊदच्या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) अबू मालिक अशअरींकडून आली आहे आणि तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, कमकुवत मानणारेही उलेमा (धर्मपंडित) आहेत. सहीह मुस्लिम या दुसऱ्या संग्रहात पैगंबरांचे साथी जाबिर यांची हदीस आहे: घरात शिरताना आणि जेवताना माणसानं अल्लाहचं नाव घेतलं, की शैतान आपल्या साथीदारांना सांगतो, इथे तुम्हाला ना मुक्काम, ना जेवण. म्हणजे पूर्ण दुआ आठवली नाही तरी नुसतं 'बिस्मिल्लाह' म्हणून आत यावं.

रिकाम्या घराचं म्हणाल, तर सूरह नूरच्या ६१ व्या आयतीत घरात शिरताना आपल्याच लोकांना सलाम करा असं आहे. घरात कोणी नसेल तर 'अस्सलामु अलैना व अला इबादिल्लाहिस्सालिहीन' म्हणावं, असं पैगंबरांचे साथी अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून आलं आहे. अर्थ: सलाम आमच्यावर आणि अल्लाहच्या नेक बंद्यांवर. हे शब्द अत्तहियातमध्ये आहेतच, अम्मी नमाजेत रोज म्हणत असतील.

धागाकर्ती:

शुक्रिया दादा. अम्मीला वाचून दाखवलं. सलामाचे शब्द मी अर्ध्यावर आणले आणि पुढचे तिनंच म्हटले. "हे तं मले येते," म्हणाली. आज दुपारी मी मुद्दाम तिच्यासोबत गेले. तिनं कुलूप काढलं, 'बिस्मिल्लाह' म्हणून उजवा पाय आत टाकला आणि रिकाम्या खोलीला तोच सलाम केला.

कागदावर 'जीवन' लिहून ठेवला आहे. ख़ कोणी नागपुरातलं समोर बसून शिकवणारं असेल, शक्यतो बाई, तर कळवा.