ऑफिस जॉइन करतेय, दूध काढून कसं ठेवू?

माझं बाळ सहा महिन्यांचं होतंय, २६ आठवड्यांची रजा संपत आली, पुढच्या सोमवारी जॉइन. दिवसभर साबा (सासूबाई) सांभाळतील पण त्यांचं म्हणणं काढलेलं दूध शिळं, बाळाला बाधतं, पावडरचं दे. ऑफिसात फ्रीज आहे पण त्यात सगळ्यांचे डबे, आणि पंप करायला जागा म्हणजे वॉशरूम. कसं जमवलंत तुम्ही?

– शिळं वगैरे काही नाही गं. २५ डिग्रीपर्यंत बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस, फक्त दारात नको मागच्या बाजूला ठेव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र बाहेर ठेवूच नको, सरळ आइसपॅकवाली पिशवी घे. बाटलीवर तारीख लिहायची.

– गरम करताना मायक्रोवेव्ह नको हं, कोमट पाण्यात बाटली धरायची. साय वर येते ती बघून माझ्या आईला वाटलं नासलं, ओतून दिलं सगळं!! रडले होते मी. ती साय नुसती हलवली की मिसळते. आणि बाळाने उष्टं ठेवलं तर दोन तासांत संपव नाहीतर टाक.

– वॉशरूममध्ये अजिबात नको, एचआरला मेल टाक, छोटी मीटिंग रूम माग. ५० किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानेच द्यावी लागते, दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आलं ते.

– थँक्यू गं सगळ्यांना, सायीचं आजच साबांना दाखवते