झाडं जमतात, पाणी मात्र फरशीसारखं दिसतं

प्रश्न
जलरंगात एकच तळं चौथ्यांदा रंगवतोय. काठावर पाच झाडं, सूर्य नुकताच बुडालेला. झाडं बरी उतरतात, पण पाणी म्हणजे पॉलिश केलेली फरशी! प्रतिबिंबं झाडांइतकीच गडद केली, आकार हुबेहूब उलटा घेतला, वरून लाटांच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. तिथे बसलो असताना जी शांतता अंगावर आली होती, तिचा चित्रात मागमूस नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १
‘हुबेहूब उलटा’ इथेच गोम आहे. पाण्यात दिसतं ते झाड खालून पाहिलेलं असतं. काठावर उभं राहून न दिसणारी फांदीची खालची बाजू तिथे दिसते. आपल्याकडे झुकलेल्या खोडाचं प्रतिबिंब खोडापेक्षा लांब पडतं. शिवाय गडद झाड पाण्यात किंचित उजळ होतं आणि उजळ आकाश किंचित मंद. मला हे कळायला फार वर्षं लागली, म्हणून कळकळीने सांगतोय.

पाण्याचा भाग ओला करा आणि कागदावरची चमक जाईपर्यंत थांबा. मग दाट रंगाने उभे हात मारा. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर दातेरी कडांचे डाग पडतात. रंग ओला असतानाच कोरड्या सपाट ब्रशने एकदाच आडवं, अलगद पुसा. दुसऱ्यांदा हात लावू नका, तिथेच चिखल होतो.

पांढऱ्या रेघा काढूनच टाका. शांत पाण्याला एखादी उजळ पट्टी पुरते, तीही पलीकडच्या काठाजवळ.

प्रतिसाद २
हिरवा कोणता वापरताय? नुसता सॅप ग्रीन (पिवळसर हिरवा) असेल तर सूर्य बुडाल्यावरही दुपारच दिसेल. थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला. आणि फ्रेंच चित्रकार मोनेने १८९१ मध्ये रंगवलेली पॉप्लरची झाडं बघा. नदीत नाव उभी करून तो काम करायचा, त्यामुळे नजर पाण्यालगत. त्यातल्या ‘चार झाडं’ या चित्रात शेंडे चौकटीबाहेरच आहेत. खोडं आणि त्यांची प्रतिबिंबं, बस्स.

प्रश्नकर्ता
आज पाचवं केलं. तीन झाडं गाळली, क्षितिज वर नेलं. डावीकडचं प्रतिबिंब ओल्यात इतकं पसरलं की खोड कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. पुसायला ब्रश उचलला होता, पण ठेवून दिला. तेवढ्याच कोपऱ्यात ती संध्याकाळ आली आहे. उजवीकडे अजून फरशीच आहे, उद्या पुन्हा बसतो.